चौथ्या फ्रेममधली निळी दोरी

शिरूरच्या मिशन कंपाउंडमध्ये राहणारे सॅम्युएल उजगरे हे चुका काढण्याचा पगार घेणारे गृहस्थ होते. रांजणगावच्या एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं क्वालिटीला होते. समोर आलेला भाग माप तपासायच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल डबा. मधलं काही नाही. ‘सर, केसाएवढा तर फरक आहे,’ असं म्हणणाऱ्या सुपरवायझरकडे ते ज्या नजरेनं बघत, तीच नजर पुढे त्यांनी पक्ष्यांसाठीही वापरायला घेतली.

पक्ष्यांचा नाद लागून नऊ वर्षं झाली होती. आधी दुर्बीण आली, मग पुस्तक, मग हातभर लांब लेन्सचा कॅमेरा, आणि या सगळ्याची अपरिहार्य परिणती म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप. ‘शिरूर-दौंड पक्षी व वन्यजीव मित्र’, सभासद दोनशे बारा, ॲडमिन उजगरे सर. ग्रुपचे नियम दोनच होते. खात्री नसेल तर टाकू नका, आणि फोटो नसेल तर नोंद नाही. शिक्रापूरला खोली घेऊन राहणाऱ्या प्रांजल नावाच्या एका इंजिनिअर पोरानं एकदा उत्साहाच्या भरात कोल्ह्याचा फोटो ‘लांडगा’ म्हणून टाकला. सरांनी लिहिलं, ‘शेपटी बघा. पाय बघा. मग हात कीबोर्डला लावा. हा कोल्हा आहे.’ आणि दोनशे अकरा लोकांनी वाचून झाल्यावर तो फोटो काढून टाकला. प्रांजलनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याच्या हातांत नेमका कोणता भाव होता, ते त्या चित्रावरून कळण्यासारखं नव्हतं.

सरांच्या स्वतःच्या यादीत दोनशे चाळीस पक्षी होते. खोकड होतं, तरस होतं, चिंकारा होती. लांडगा नव्हता. चार हिवाळे त्यांनी न्हावऱ्याचा माळ तुडवला, गाडीच्या दोन क्लचप्लेटा खाल्ल्या, पण लांडगा काही दिसला नाही. माळावर मेंढ्या चारणाऱ्या मुक्ताबाईंना तो आठवड्यातून दोनदा दिसायचा. पण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, त्यामुळे ग्रुपच्या नियमाप्रमाणे तो दिसत नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी पावणेसातला तो आला.

गवत पिवळं पडलेलं, कमरेएवढं. ऊन नुकतं आडवं पसरलेलं. ऐंशी-नव्वद मीटरवर बांधाच्या कडेनं एक करडं-तांबूस जनावर मान खाली घालून चाललेलं. सरांनी श्वास रोखला आणि बोट दाबलं. चौदा फ्रेम. मग ते जनावर उताराला लागलं आणि गेलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र मोबाईलनं टिपायला सरांना तीन प्रयत्न लागले. घरी जाऊन, संगणकावर मोठं करून, नीट पाहून मग टाकावं हे त्यांना माहीत होतं. इतरांना तर ते दर महिन्याला तसं बजावत. पण घरी जायला तास लागला असता, आणि चार हिवाळ्यांनंतर तास फार मोठा असतो. गाडीतच बसून त्यांनी लिहिलं, ‘लांडगा. न्हावरे माळ. आज सकाळी ६.५०.’

घरी पोचेपर्यंत एकशे चाळीस अभिनंदनं आली होती. सरांनी फोटो संगणकावर उतरवले. नववी फ्रेम अशी आली होती, की त्यांना स्वतःबद्दल आदर वाटला. उन्हाची कड, गवताचे तुरे, त्यातून रोखून बघणारे डोळे. ते एकेक फ्रेम मागे जात राहिले. आठ, सात, सहा, पाच. चौथ्या फ्रेममध्ये जनावरानं मान उचललेली होती, आणि मानेत निळी नायलॉनची दोरी होती. गाठ मारलेली, एक टोक विसविशीत होऊन लोंबणारं. आणि शेपटी, जी लांडग्याची सरळ खाली असते असं सरांनी आजवर निदान पन्नास जणांना सुनावलं होतं, ती वर वळून छान गोल झालेली होती.

जॉयसबाई चहा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या मिशनच्या शाळेत चौथीला शिकवत आणि पक्ष्यांत त्यांना कावळ्यापलीकडे रस नव्हता.

“कुणाचं कुत्रं हो?” त्या म्हणाल्या. “फोटो छान आलाय.”

सरांनी चहा घेतला आणि तो फोटो बंद केला. मग मोबाईलवर ‘मित्रांनो, एक दुरुस्ती’ एवढं लिहून झालं होतं, तेवढ्यात हौसराव आप्पांचा फोन आला.

हौसराव आप्पा म्हणजे न्हावऱ्याचे मोठे बागायतदार, पतसंस्थेचे चेअरमन, आणि ज्या संस्थांचे चेअरमन नाहीत त्यांचे माजी चेअरमन. ते म्हणाले, की सर, फोटो बघितला, अंगावर काटा आला. पतसंस्थेच्या कॅलेंडरवर दरवर्षी माझंच तोंड छापून लोक कंटाळले, मीही कंटाळलो. यंदा संचालक मंडळाचं म्हणणं आहे, की आपल्या भागाचं वैभव छापावं. चार हजार प्रती काढतोय, खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात. सर म्हणाले, की आप्पा, जरा तपासून घ्यावं लागेल. आप्पा म्हणाले, तुम्ही तपासल्यावर आणखी कोण तपासणार?

ही गोष्ट खरी होती. सरांनी नववी फ्रेम पाठवली. नववी फ्रेम खोटी नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिच्यात जे होतं ते होतं. जे नव्हतं ते गवतात होतं.

चौथी फ्रेम मात्र त्यांना पुसता आली नाही. आठवड्याला पाचशे हललेले, धुरकट फोटो न बघता पुसणारा हा माणूस त्या एका फोटोपुढे तीनदा बसला आणि तीनदा उठला. शेवटी ‘इतर’ नावाचा एक फोल्डर करून त्यांनी तो त्यात ठेवला. त्या फोल्डरात दुसरं काहीही नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा सगळ्यांनी वाटून घ्यायचा विधी होता. त्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगत, की ज्यानं त्यानं आपलं मन तपासावं आणि मगच भाकरीला हात लावावा. ही घोषणा सरांनी चाळीस वर्षं ऐकली होती, बसस्थानकावर गाड्यांची ऐकावी तशी. त्या दिवशी ती आपल्याच गाडीची निघाली. ताट आलं, सरांनी ते घेतलं आणि तुकडा न उचलता शेजारच्या अब्राहामकाकांकडे दिलं. काकांनी एकदा ताटाकडे आणि एकदा सरांकडे बघितलं. घरी येताना जॉयसबाईंनी विचारलं, की काय झालं. सर म्हणाले, पोट ठीक नाही. नखाएवढा भाकरीचा तुकडा पचणार नाही असं पोट घेऊन नवऱ्यानं दुपारी सुक्या बोंबलावर ताव मारला, हे बाईंनी फक्त बघितलं. चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना थांबता येतं.

कॅलेंडरचं प्रकाशन आप्पांच्या उसाच्या मळ्यातल्या वस्तीवर झालं. मांडव, खुर्च्या, फ्लेक्स. फ्लेक्सवर एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला सर आणि मधोमध, दोघांपेक्षा मोठं, ते जनावर. सरांना शाल घातली, नारळ दिला, पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला. एक संचालक बोलायला उठले आणि त्यांनी सांगितलं, की त्या डोळ्यांत बघा, शेकडो वर्षांची भूक आहे. टाळ्या झाल्या. तेवढ्यात सरांच्या पोटरीला काहीतरी ओलं लागलं.

खाली एक करडं-तांबूस कुत्रं उभं होतं. मानेत निळी दोरी, एक टोक विसविशीत. त्यानं सरांची पँट हुंगली, ओळख पटल्यासारखी शेपटी हलवली आणि समोर बसून बॉक्सकडे रोखून बघू लागलं. शेकडो वर्षांची भूक डोळ्यांत खरोखरच होती.

“टायगर, हाड्,” आप्पा कौतुकानं म्हणाले. “मळ्यावर असतो. दिवसभर झोपतो आन् पहाटं कुठं उंडारायला जातो कुणास ठावं. घाला सर त्याला एक पेढा, सोडायचा न्हाई तो.”

सरांनी त्याला पेढा घातला. मागे फ्लेक्सवर तोच टायगर, पुढे पायाशी तोच टायगर, आणि मांडवातल्या अडीचशे माणसांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. बघणाऱ्यांचा दोष नव्हता. फ्लेक्सवर खाली ‘लांडगा’ असं लिहिलेलं होतं.

जानेवारीत मुक्ताबाईंची कोकरं मेली.

मुक्ताबाई साठीच्या पुढच्या. सून सुलक्षणा आणि सत्तर मेंढ्या घेऊन त्या माळाच्या कडेला उतरल्या होत्या. सकाळी मोठ्या मेंढ्या चरायला गेल्यावर कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मागे राहायची. सुलक्षणा पाण्याला गेली तेवढ्या वेळात जाळी वाकवून कोणीतरी आत शिरलं आणि चार कोकरं मारून टाकून गेलं. नेलं एकही नाही.

गावात चर्चा पेटायला वेळ लागला नाही, कारण पुरावा आधीच घरोघर भिंतीवर टांगलेला होता. दुसऱ्या दिवशी वाघरीपाशी माणसं जमली. आप्पा आले, वनरक्षक ज्ञानेश आला, आणि तज्ज्ञ म्हणून उजगरे सरांना अर्ध्या दिवसाची रजा काढून बोलावण्यात आलं. सरांनी लांडगा हा माळाचा कसा आधार आहे, त्याच्याशी जुळवून कसं घ्यावं, यावर दहा मिनिटं भाषण केलं. ते चांगलं झालं. बोलता बोलता त्यांची नजर कोकरांवर पडली. ओळीनं ठेवली होती, एकावर सुलक्षणाची ओढणी होती. मग त्यांनी उरलेलं भाषण आप्पांच्या जीपकडे बघून केलं.

मुक्ताबाई खाली बसून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, लांडगा एक उचलतो आन् जातो. त्येचा वाटा हाय त्यो, आमी मोजत बी न्हाई. ह्यानं चार मारली आन् एक न्हेलं न्हाई. ह्यो खेळ हाय. पोट भरल्याला कुत्रा आसा खेळ करतो.”

आप्पांनी त्यांना समजावलं, की कुत्र्याची काय बिशाद, आणि लांडगा तर साक्षात छापून आलाय. आता तो छापलेला खोटा म्हणायचं का?

“म्या कुठं खोटा म्हंती. म्या त्यो फोटू बघितला दुकानात. मला त्यो कुत्र्यावानी दिसला. पर माजं डोळं म्हातारं.” त्या सरांकडे वळल्या. “तुम्ही जवळनं बघितलाय. तुम्ही सांगा. लांडगाच हाय न्हवं त्यो?”

आयुष्यात इतकं सोपं गेज सरांच्या हातात कधी आलं नव्हतं. एका बाजूला हो, एका बाजूला नाही, आणि भाग समोर ठेवलेला. बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता असा त्यांचा हात या वेळी लाल डब्याकडे गेला नाही. आप्पा बघत होते. ज्ञानेश बघत होता, तो ग्रुपचा सभासद होता. अंगावर शाल नव्हती, पण सरांना ती जाणवत होती.

“हो,” सर म्हणाले.

मुक्ताबाईंनी मान हलवली. वाद मिटल्यावर माणूस हलवतो तशी. “मंग आमचंच चुकलं,” त्या म्हणाल्या आणि कोकरं उचलायला उठल्या.

नऊ दिवसांनी ज्ञानेशचा फोन आला. माळावर लांडगा मेलाय. कोणीतरी मेलेल्या कोकराला विष लावून ठेवलं होतं. पंचनामा करायचाय, ओळख पटवायला तुम्ही लागाल. सरांनी कारखान्यात सांगितलं, की घरी प्रसंग आहे.

ती मादी होती. बांधाच्या उताराला, तरवडाच्या झुडपाला लागून पडली होती. पाय लांब, सडसडीत. शेपटी सरळ. डोळे अर्धे उघडे आणि पिवळे. पोटाखाली आचळं दुधानं तटतटलेली. पुस्तकात होतं ते सगळं जिथल्या तिथे होतं. सर तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. नऊ वर्षं नाद केल्यावर, चार हिवाळे माळ तुडवल्यावर हा त्यांनी पाहिलेला पहिला लांडगा होता.

त्यांनी तिच्या मानेच्या दाट केसांत बोटं घातली आणि चहूबाजूंनी फिरवली. ते दोरी शोधत होते. दोरी नाही हे डोळ्यांना लांबूनच दिसलं होतं, तरी बोटं फिरत राहिली. ज्ञानेशला वाटलं, सर तिला कुरवाळतायत. त्यानं हळूच मोबाईल काढून फोटो घेतला. तो नंतर ग्रुपवर आला, ‘भावुक झालेले उजगरे सर’.

भोवती पंधरावीस माणसं होती. आप्पाही होते. मुक्ताबाई जरा लांब, काठीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या. विष कोणी घातलं हे कोणीच विचारत नव्हतं. ज्ञानेशनं कागदावर ‘अज्ञात इसम’ असं लिहूनही टाकलं होतं.

“सर, ही तीच ना?” त्यानं विचारलं. “फोटोतली? तसं लिहितो, म्हणजे विषय संपेल.”

“संपलाच म्हणायचा,” आप्पा म्हणाले. “वाईट झालं, पण आता कोकरं तरी सुरक्षित राहतील.”

सुरक्षित न राहणाऱ्या कोकरांचा हिशेब त्या क्षणी फक्त सरांकडे होता. टायगर पहाटे सुटायचा तो आजही सुटला असेल.

“ही ती नाही,” सर म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “फोटोतला कुत्रा आहे. गळ्यात निळी दोरी आहे, त्याच वेळच्या आणखी एका फोटोत दिसते. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आप्पा, तो तुमचा टायगर आहे.”

आप्पा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“टायगर?” ते शेवटी म्हणाले. “त्याला तर दुधात पाव कुस्करून लागतो.”

सरांनी मुक्ताबाईंकडे बघितलं. त्या तिथे नव्हत्या. काठी टेकत उतारावरून खाली निघाल्या होत्या, मागे न बघता.

सरांना वाटलं होतं, की आता होईल. लोक बोलतील, ग्रुप फुटेल, आप्पा फोन उचलणार नाहीत. थोडक्यात, जे व्हायला हवं ते होईल आणि छातीवरचं ओझं उतरेल. त्यांनी स्वतःच चौथी फ्रेम ग्रुपवर टाकली, सगळं लिहिलं, ॲडमिनपद सोडतो म्हणून कळवलं.

संध्याकाळपर्यंत एकशे नव्वद प्रतिक्रिया आल्या. ‘सलाम सर तुमच्या प्रामाणिकपणाला.’ ‘चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.’ ‘आजच्या काळात अशी माणसं दुर्मिळ.’ लांडग्याच्या फोटोला आल्या होत्या त्यापेक्षा या पन्नास जास्त होत्या. ॲडमिनपदाचा राजीनामा एकमतानं नामंजूर झाला. प्रांजलनं काही लिहिलं नाही. तो फक्त ग्रुप सोडून गेला. एवढी एकच गोष्ट सरांना न्यायाची वाटली.

आप्पांनी तर दोन दिवसांत सगळं बसवून टाकलं. टायगरला साखळी घातली, चार कोकरांची भरपाई म्हणून चार कोकरं जीपमधून मुक्ताबाईंकडे पोचवली, त्याचाही फोटो आला. कॅलेंडरचं काय, असं सरांनी विचारलं तर म्हणाले, की आता लोकांनी तारखांवर दुधाच्या खुणा करायला सुरुवात केलीय, काढून कसं घेणार. वर्ष जाऊ द्या. मार्चमधल्या वार्षिक सभेत तुमचा पुन्हा एक छोटा सत्कार ठेवलाय, सचोटीबद्दल.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात दाखला दिला. नाव घेतलं नाही, पण ‘आपल्यातला एक बंधू, कॅमेरा बाळगणारा’ एवढं म्हटल्यावर मंडळीतल्या म्हाताऱ्या कृपाबाईंपर्यंत सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मग ताट आलं. सरांनी ते पुन्हा अब्राहामकाकांकडे दिलं.

“आता काय राहिलं?” जॉयसबाईंनी फाटकाबाहेर विचारलं. “सगळ्या जगापुढे तर कबूल केलंत.”

“जगाचं मी काही बिघडवलं नव्हतं.”

“मग जिचं बिघडवलंत तिच्याकडे जा की,” त्या म्हणाल्या. “मला काय सांगताय. मी तर पहिल्याच दिवशी कुत्रं म्हटलं होतं.”

मुक्ताबाईंचा कळप तोवर चौफुल्यावरून पुढे दौंडच्या हद्दीत सरकला होता. खुटबावच्या एका शेतकऱ्यानं कांदा काढलेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवून घेतल्या होत्या. सर दुपारी पोचले. सुलक्षणानं त्यांना बघितलं आणि पाण्याचा हंडा उचलून लांब गेली. मुक्ताबाई एका कोकराच्या पायातला काटा काढत होत्या. सर शेजारी ढेकळांवर बसले. कॅमेरा गळ्यात होता. सवयीनं आणला होता, आणि आणल्याचं त्यांना आता कळलं.

“मावशी, मी खोटं बोललो.”

“ठावं हाय.”

सरांनी कॅमेरा काढला, चौथी फ्रेम शोधू लागले. त्यांना का कोण जाणे वाटत होतं, की ती मुक्ताबाईंना दाखवली पाहिजे.

“नगा दाखवू,” मुक्ताबाई म्हणाल्या. “मला तवा बी दिसत हुतं.”

काटा निघाला. त्यांनी तो बोटावर धरून बघितला आणि फेकून दिला.

“मला दिसत हुतं, आन् तुम्ही व्हय म्हणलात. मला वाटलं, येवढा शिकल्याला मानूस, येवढं मोठं यंत्र गळ्यात. म्हंजी माजंच डोळं गेलं. मंग त्यो लांडगा आन् त्येला आता खेळ करायची चटक लागली. आसा लांडगा ठिवत न्हाईत.” त्यांचा आवाज मेंढ्यांशी बोलावा तितकाच होता. “उसावर मारायचं औषध आनलं. माज्या बापानं कवा लांडग्याला धोंडा मारला न्हाई. सासऱ्यानं न्हाई. आमच्यात त्येला शिवी बी देत न्हाईत. म्या औषध लावलं, ह्या हातानं.”

सर म्हणाले, की मी ज्ञानेशला सांगतो. साहेबांना लिहून देतो, की माझ्यामुळे झालं, जे काय व्हायचं ते मला होऊ दे.

“नगा सांगू. परत शाल देत्याल.”

त्यात टोमणा होता की नाही हे सरांना ओळखता आलं नाही. कोकरू उठून पळालं. मुक्ताबाईंनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “तीन हुती.”

“काय?”

“पिल्लं. ती पडली तिथनं वर, बांधाच्या बिळात. दोन दिस वरडली. म्या मेंढीचं दूध घिऊन गेले, वाटी ठिवली तोंडाशी. मानसाचा वास आला आसंल, न्हाई आली भाईर. तिसऱ्या दिशी गप.”

सर बसून राहिले. उठावं असं वाटत होतं आणि उठण्यासारखं काही सापडत नव्हतं.

“जावा,” त्या म्हणाल्या. “जाता जाता फोटू काढा. फोटू नसला तर तुमच्यात नोंद हुत न्हाई म्हंत्यात.”

परत येताना न्हावऱ्याला त्यांनी गाडी माळात घातली. तरवडाचं झुडूप सापडलं, बांध सापडला. बिळाच्या तोंडाशी माती खरवडलेली होती. पुढ्यात ॲल्युमिनियमची एक वाटी, पोचे पडलेली, तळाशी दुधाची पिवळी पापडी, तिच्यात मुंग्या. सर पोटावर झोपले, पक्ष्यांसाठी झोपतात तसे, आणि त्यांनी बोट दाबलं. चौदा फ्रेम. घरी येऊन त्यांनी त्या सगळ्या एकेक करून मोठ्या करून पाहिल्या. चौदाही सारख्या होत्या. निवडण्यासारखं किंवा लपवण्यासारखं कुठल्याच फ्रेममध्ये काही नव्हतं.

त्यांनी पहिलीच फ्रेम ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘लांडगा, तीन पिल्लं. न्हावरे माळ. नोंद : मुक्ताबाई.’

बराच वेळ काही आलं नाही. मग दोनचार अंगठे आले, सवयीचे. मग नव्यानंच ग्रुपला आलेल्या कोणा माऊलीचा निरोप आला.

‘सर, फोटो मोठा करून बघितला. प्राणी दिसत नाही.’